तीन मिनिटांचं कुलूप

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू "जरा गडबडीत आहे, नंतर करतो" म्हणतोस, आणि तुझं ते 'नंतर' आठ वर्षांत उजाडलेलं नाही. पत्र निदान उघडावं लागतं. उघडलं की चार ओळी वाचल्या जातातच, एवढ्याच आशेवर लिहायला बसले आहे.

वहिनींना नमस्कार. छोटीला गोड पापा. ही आत्या दिसते कशी हे बिचारीला ठाऊक नाही, तेव्हा तू सांगशील तेच खरं. फक्त नाकाबद्दल काही सांगू नकोस.

आम्ही मजेत. मी अजून त्याच हॉस्पिटलच्या त्याच तळघरात, त्याच स्कॅनच्या मशीनवर. दिवसभर "श्वास घ्या, रोखा, सोडा" म्हणत असते. परवा बसमध्ये शेजारच्या बाईंनी शिंकायला तोंड उघडलं आणि मी सवयीने "रोखा" म्हणाले. त्या उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. घराला रंग काढला. तुझ्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आलंय, पण दाराच्या चौकटीवरच्या तुझ्या उंचीच्या रेघा तशाच आहेत. बाबा रंगाऱ्याच्या पुढ्यात चौकटीला पाठ लावून उभे राहिले, हललेच नाहीत. बाबा बरे आहेत. हल्ली फारसं बोलत नाहीत, एवढंच.

आता खरी बातमी. दादा, मी परवाना काढला! हौशी रेडिओचा! हस, पोटभर हस. तू आणि बाबा सेट कानाला लावून बसायचात तेव्हा त्याला 'खोकणारा डबा' म्हणणारी मीच. पण अभ्यास केला, परीक्षा दिली आणि पास झाले. मलाही आता माझं स्वतःचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, आहे. का काढला, ते राहू दे.

टायपिंगच्या क्लासवाले मास्तर आठवतात ना? रविवारचं नेट आता ते चालवतात. शेजारच्या काकूंना मी "नेटवर जायचंय" म्हटलं तर त्यांना वाटतं मोबाइलवर. मग त्यांना समजावलं की दर रविवारी सकाळी साडेनऊला गावातले सगळे रेडिओवाले आपापला हातातला सेट घेऊन एकमेकांची हजेरी घेतात, त्याला आम्ही नेट म्हणतो. आणि डोंगरावर रिपीटर म्हणून एक यंत्र आहे, ते आपलं हळू बोलणं ऐकतं आणि तेच मोठ्याने सगळ्यांना सांगतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सासूबाई."

तर मास्तर एका रविवारी नेट संपल्यावर म्हणाले, "आता तुमच्या घरी एक चित्र पाठवतो. मोबाइल सेटजवळ धरून ठेव." मी विचारलं, "वायर कुठली लावू?" ते म्हणाले, "वायर नाही. नुसतं ऐकू दे त्याला."

समोरच्या खोलीतलं ते तीन पायांचं टेबल. त्यावर बाबांचा जुना सेट, अँटेनेला चिकटपट्टी लावलेला, आणि त्याच्या तोंडाशी माझा मोबाइल. सेटमधून आवाज यायला लागला. रातकिडा आणि शिट्टी यांचं भांडण लागलंय असा आवाज. मी कानावर हात ठेवणार, तेवढ्यात मोबाइलच्या पडद्यावर वरच्या कडेला एक रेघ उमटली. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. राखाडी, मग तपकिरी, मग एकदम पिवळी. पन्नासेक रेघा झाल्यावर मला कान दिसले. मांजराचे! मास्तरांचं मांजर, त्यांच्या टाइपरायटरवर बसलेलं, ते गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि इथे आमच्या टेबलावर त्याच्या मिशा एकेक रेघ करत उगवत होत्या.

दादा, तुला हे सगळं शाळेपासून माहीत असेल. पण मी दहा वर्षं रोज चित्रं काढते, माणसांच्या आतली. चित्र बघून माझं काळीज हलेल असं मला वाटलंच नव्हतं. मी अक्षरशः तोंडाचा आ करून बसले होते. मास्तरांनी मग समजावलं: काळ्याला खालचा सूर, पांढऱ्याला वरचा, मधल्या प्रत्येक छटेला मधला एकेक सूर. चित्र डावीकडून उजवीकडे वाचत जायचं आणि गात जायचं. पलीकडे ऐकणाऱ्याने ऐकत जायचं आणि रंगवत जायचं. म्हणजे ते मांजर आमच्याकडे कुणीतरी गाऊन पाठवलं होतं. मी दिवसभर घरात जे दिसेल त्याच्याकडे बघून विचार करत होते, की हे स्टूल कसं वाजेल? हा पडदा कसा वाजेल?

आणि हे तर काहीच नाही. वर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावरून अधूनमधून अशीच चित्रं सोडतात, हे तुला माहीत होतं? असेलच. मला नव्हतं. मास्तरांनी वेळ सांगितली, दुपारी तीन चाळीस. मी आणि बाबा गच्चीवर. चारी बाजूंना वाळत घातलेल्या चादरी, मध्ये आम्ही दोघं, बाबांच्या हातात तोच सेट. आभाळात दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऊन. तीन बेचाळीसला खरखर थांबली आणि ते गाणं सुरू झालं. बाबा सेट हळूहळू वळवत होते, ते न दिसणारं काहीतरी जसं सरकत होतं तसे. लिफ्टदुरुस्तीच्या कामावर दोर तपासताना त्यांचा चेहरा व्हायचा ना, अगदी तसाच चेहरा. मोबाइलवर निळी पट्टी आली. मग पांढरी. मग कळलं, हे ढग आहेत, वरून पाहिलेले. आपल्याच पृथ्वीचा तुकडा, शेकडो कोसांवरून आलेला, आमच्या चादरींच्या मधोमध उतरला. मध्ये दोन ठिकाणी रेघा फाटल्या होत्या, तिथे बाबांचा हात दुखून हलला होता.

मला रडू आलं. का, ते सांगता येत नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवला. बोलले मात्र काही नाहीत.

वर एके ठिकाणी कागद खरवडलेला दिसेल. तिथे एक ओळ होती, ती मी तीनदा लिहून तीनदा खोडली. शाईचा दोष नाही. प्रकृतीला जप.

तुझी,
टाचणी


१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनच्या सायकलकडे रोज बघते.

ती खोडलेली ओळ अशी होती: बाबांचा आवाज गेला.

'फारसं बोलत नाहीत' हे मी लिहिलेलं खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ते बोलूच शकत नाहीत. अकरा महिने झाले. घशातली गाठ. स्कॅन मीच काढला. काचेपलीकडे बाबा झोपलेले, मी माइकवर "श्वास रोखा" म्हणाले आणि पडद्यावर बघून माझाच रोखला गेला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं; मला आदल्या दिवशीच कळलं होतं. ती रात्र मी त्यांच्याशी भाजी महाग झाल्याबद्दल बोलत काढली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला एक छिद्र आहे, त्यातून श्वास घेतात. बाकी तब्येत ठणठणीत, जेवण नीट, जिने चढतात, वहीत लिहून माझ्यावर रागावतात. तुला कळवते म्हटलं तर वहीत लिहिलं, "नको. दया म्हणून येईल. दया ओसरली की परत जाईल." मी ऐकलं. तुझा राग माझ्यावर असू दे.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी साडेनऊला त्यांनी सवयीने सेट उचलला, बटण दाबलं, तोंड उघडलं. नेटवर सगळ्यांना नुसता श्वास ऐकू आला. एकदा, मग परत एकदा. मी दारात उभी होते, मला ते बघवेना. तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला, नेहमीसारखाच, जराही न हलता: "तुमचा श्वास पोचला. ताकद पाच-नऊ. हजेरी लावली आहे." पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी, हे मला नंतर कळलं. मी त्या दिवशी परवान्याचा अर्ज आणला. त्यांचं कॉल साइन त्यांच्या तोंडून नाही तर माझ्या तोंडून तरी जावं, म्हणून. आणि चित्रांचा उद्योग मास्तरांनी काढला तो मांजर दाखवायला नव्हे. बाबांना पुन्हा काहीतरी पाठवता यावं, म्हणून.

आता मुख्य गोष्ट. 

बाबांनी नेटवर पाठवलेलं पहिलं चित्र त्यांचा स्वतःचा फोटो होता. खुर्चीत बसलेले, मांडीवर पाटी, पाटीवर खडूने लिहिलेलं, "आवाज गेला. मी आहे." चित्र छान यावं म्हणून त्यांनी सगळ्यात बारीक रेघांचा प्रकार निवडला. तो तीन मिनिटं सात सेकंद चालतो. सगळ्यांच्या मोबाइलवर बाबांचं कपाळ आलं, चष्मा आला, गळ्याचा रुमाल आला, सदऱ्याच्या गुंड्या आल्या, आणि मांडीशी येऊन चित्र तुटलं. पाटी आलीच नाही. मी मास्तरांना विचारलं, बॅटरी गेली का? ते म्हणाले, "अगं नाही. चित्राच्या हौसेत तुझे बाबा विसरले. रिपीटरला तीन मिनिटांचं कुलूप आहे. कुणाचं बटण चुकून दाबलेलं राहिलं तर सगळ्यांचं नेट अडून बसायला नको, म्हणून तीन मिनिटं झाली की तो आपणहून गप्प होतो. पुढचं काहीही डोंगर ओलांडून जात नाही."

मी विचारलं, "हे कुलूप कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून."

मी खाली बसले, दादा. तिथेच, जिन्यावर.

तो रविवार तुला विसरता येणं शक्य नाही, पण माझ्या बाजूने सांगते. त्या सात मजली इमारतीतली लिफ्ट दीड मजला घसरून अडकली होती, त्याला चार दिवस झाले होते. आतली दोघं सुखरूप बाहेर आली, तूच हाताने चाक फिरवून काढलीस. पण तपासणीच्या कागदावर सही तुझी होती, आणि तुझे हात थरथरताना सगळ्यांनी पाहिले होते. तू त्या दिवशी तुझा सेट घेऊन मित्राच्या गच्चीवर होतास. मोठी आत्या आपल्याकडे आली होती. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून बाबा ओरडून बोलत होते. आणि त्यांचा सेट खुर्चीच्या गादीत सरकला होता, बटण त्यांच्या मांडीखाली.

मी चहाचा ट्रे घेऊन आले आणि गादीच्या फटीत लाल दिवा पाहिला. सेटचा लाल दिवा कधी लागतो हे मला रेडिओ न शिकताही माहीत होतं. आपलं बोलणं बाहेर जातंय. नेटवरचे सोळाजण ऐकताहेत. तू ऐकतोयस.

बाबा म्हणत होते, "त्याच्या हाताला धीर नाही. भिणारा माणूस या धंद्यात स्वतः मरेल आणि दुसऱ्याला मारेल. माझ्यामागे त्याच्या हाती किल्ल्या देण्यापेक्षा मी दुकानाला टाळं लावीन."

मला एक शब्द बोलायचा होता. "बाबा, दिवा." बस. मी बोलले नाही. कारण मला बरं वाटलं. हे लिहायला आठ वर्षं लागली: मला बरं वाटलं. रेडिओ तुला शिकवला, लिफ्ट तुला शिकवली, सायकलवरून खिंडीपर्यंत तुला नेलं, मला "तू पडशील" म्हणून घरी ठेवलं. एकदा तरी तुझी चारचौघांत शोभा होऊ दे, असं मनात आलं आणि मी ट्रे धरून उभी राहिले.

पण बाबांचं बोलणं तिथे संपलं नव्हतं. ते थांबले, चष्मा काढला, आणि मग वेगळंच काहीतरी बोलले, तेही तेवढ्याच मोठ्याने. ते मी ऐकलं. दिवा तेव्हाही लालच होता. मला वाटलं, हेही जातंय, दादा हेही ऐकतोय, म्हणजे झालं, फिटंफाट. थोड्या वेळाने मास्तरांचा फोन आला, "अहो, तुमचं सगळं ऐकू गेलं." सगळं! मास्तरांना काय माहीत, त्याच्यापुढे आणखी काही होतं ते.

आठवड्याने तू गेलास. बाबा आठ वर्षं एवढंच म्हणत आले की त्याने सगळं ऐकलं आणि तरी गेला, मग मी आता आणखी काय बोलू? मीही तुला दगडाच्या काळजाचा समजत राहिले. बाबांना कुलूप माहीत होतं, पण बटण कधी दाबलं गेलं ते माहीत नव्हतं. मला बटण माहीत होतं, पण कुलूप माहीत नव्हतं. दोन्ही एकत्र असतं तर तुला तेव्हाच कळलं असतं, की तू ऐकलंस ते अर्धंच होतं.

ते दुसरं अर्धं काय, हे मी आत्ता लिहू शकते. लिहिणार नाही. एकदा गप्प राहून मी त्यांचं बोलणं तोडलं, आता मध्ये बोलून तोडायचं नाही. ते त्यांचं आहे, त्यांनीच पाठवायचं.

बाबांना मी सगळं सांगितलं. दिव्याचंही.  दोन दिवस वही मिटलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या कपाखाली कागद होता: "म्हणजे त्याने ते ऐकलंच नाही?" खाली, जरा जागा सोडून: "तू लहान होतीस." मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, दादा. मी त्या कागदावर डोकं ठेवून रडले, चहा सांडला.

आता तुझं एक गुपित मी उघडं करते. मास्तरांनी मला नकाशा दाखवला. काही सेट बोलण्याबरोबर आपला ठावठिकाणाही पाठवतात, आणि नकाशावर ठिपका उमटतो. दर रविवारी साडेनऊला डोंगरापलीकडे, तुझ्या गावात, एक ठिपका उमटतो. त्याखाली तुझं कॉल साइन. दहा वाजता मावळतो. किती वर्षं झाली, मास्तरांनाही आठवत नाही. ऐकायला ठिपका पाठवावा लागत नाही, एवढं मलाही आता कळतं. आणि बाबांना हे केव्हापासून माहीत आहे! रविवारी ते मोबाइल पुढ्यात ठेवून बसतात आणि ठिपका दिसल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. मला वाटायचं, गरम लागतो म्हणून.

तेवीस तारखेला, रविवारी, सकाळी साडेदहाला, मी बाबांना घेऊन खिंडीत जाणार आहे. तिथून तुझं गाव सरळ दिसतं. मध्ये रिपीटर नाही, कुलूप नाही, सोळा माणसं नाहीत. सेट तुझ्या हातात आणि सेट त्यांच्या हातात. तुम्ही दोघं सायकलवर जाताना सेटवर जी फ्रिक्वेन्सी लावायचात, तीच लावू. मोबाइल जवळ धरून ठेव. बोलू नकोस, हवं तर. नुसतं ऐकू दे त्याला.

नाही ऐकलंस तरी मी समजेन. पण बाबांना दुसऱ्यांदा तुटलेलं बघणं मला जमणार नाही.

तुझी अपराधी,
टाचणी


२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय दादा,

काल तुला इकडचं काही दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

बाबा सहालाच तयार होऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून, जसं काही साखरपुड्याला जायचंय. मास्तरांनी गाडी चालवली. गाडी खिंडीत लावून ते म्हणाले, "मी जरा दगड बघून येतो," आणि लांब जाऊन खरोखरच एका दगडाकडे बघत उभे राहिले. वारा इतका की माझा रुमाल उडाला. पलीकडे तुझं गाव, पाण्याची टाकी, पत्र्याची छपरं. त्यातलं तुझं कुठलं, काही कळेना. बाबा मात्र एका बाजूला बोट दाखवत होते. त्यांनी नकाशावर इतक्यांदा पाहिलंय, की घर त्यांना पाठ आहे.

चित्र त्यांनी चार दिवस बसून काढलं होतं. मला वाटलं होतं, छत्तीस सेकंदांचा प्रकार निवडतील, लवकर संपेल. त्यांनी तोच निवडला, तीन मिनिटं सात सेकंदांचा. 

साडेदहाला मी दोघांची कॉल साइन सांगितली. मग बाबांनी सेट माझ्या हातातून घेतला, माझा मोबाइल त्याच्या माइकला लावला आणि बटण स्वतः दाबलं. लाल दिवा लागला. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "बाबा, दिवा लागलाय." त्यांनी मान डोलावली.

ते गाणं त्या वाऱ्यात फार बारीक वाटत होतं. मी घड्याळ बघत होते. एक मिनिट. दोन. बाबांचा अंगठा पांढरा पडला होता. दोन मिनिटं पन्नास सेकंदांना मला घाम फुटला. तीन मिनिटं झाली. मी श्वास रोखून धरला. आणि दादा, गाणं चालूच राहिलं. तीन मिनिटं एक, दोन, तीन... त्या सात सेकंदांत खालची पट्टी गेली. आठ वर्षं डोंगराच्या या बाजूला राहिलेली पट्टी. वर लिफ्टच्या ब्रेकचं चाक, त्यांच्या हातचं, मोजून काढलेलं, चाकाला घट्ट धरणारे दोन्ही लायनर, एकाला बाण. आणि खाली ठळक अक्षरांत तेच, जे आत्याला ओरडून सांगितलं होतं:

"लायनर बदलू या, असं तू म्हणाला होतास. महिनाभर चालतील, असं मी म्हणालो. सही तुझी, चूक माझी."

बाबांनी बटण सोडलं. नुसती खरखर. नकाशा मी उघडलाच नाही, धीर नव्हता. बाबा सेटकडे बघत होते. मिनिट गेलं असेल. मास्तर अजून दगडाकडेच बघत होते, बिचारे.

मग आमच्या सेटवर हिरवा दिवा लागला, म्हणजे पलीकडे कुणीतरी बटण दाबलं होतं.

खरखर गेली, पण बोललं कुणीच नाही. मला वाटलं, तू बोलशील, आता बोलशील. त्याऐवजी नळाचं पाणी ऐकू आलं. भांडं ठेवल्याचा आवाज. खुर्ची सरकली. आणि मग एक चिमुकला आवाज, सेटपासून लांबून आलेला:

"बाबा, हे चाक कुणी काढलं?"

"तुझ्या आजोबांनी."

"आजोबा बोलत का नाहीत?"

"बोलले की आत्ता."

"काय म्हणाले?"

 आम्हाला तुझं नाक ओढणं तेवढं ऐकू आलं. मग तू म्हणालास, "म्हणाले, लायनर बदलायला हवे होते." आणि छोटी म्हणाली, "मग बदला ना!"

दादा, बाबा हसले. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे हलत होते आणि गळ्याच्या रुमालातून श्वास फुसफुसत होता. हसता हसता ते खाली दगडावर बसले, सेट दोन्ही हातांत धरून, जसा मी त्या दिवशी ट्रे धरला होता. चार मिनिटं झाली. पाच. दिवा हिरवाच. तुमच्या घरातली फोडणी झाली, वहिनी कुणाला तरी "पंखा बंद कर" म्हणाल्या, छोटीने पूर्ण चुकलेला सातचा पाढा म्हटला. बाबांनी सगळं ऐकलं. सात पंचे अठ्ठावीस म्हणाली तेव्हा त्यांनी बोटांनी पस्तीस करून मला दाखवले.

अकरा मिनिटांनी दिवा विझला.

तू सेट चुकून मांडीखाली घेतला होतास की मुद्दाम बटण दाबून टेबलावर ठेवला होतास, हे मला सांगू नकोस. पण तुमच्या घरात तो लाल दिवा कुणाला तरी दिसला असणार. वहिनींना दिसला असेल आणि त्या बोलल्या नसतील, तर त्यांना सांग की त्या आमच्या घरात अगदी शोभतील.

एवढं सगळं कशातून आलं, तर हातात मावणाऱ्या डब्यातून, चिकटपट्टी लावलेल्या अँटेनेतून. मी रोज माणसांच्या आत बघते. पण एका घरातलं आतलं दुसऱ्या घरात असं उतरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अजून अंगावर काटा आहे.

सोबत पोचकार्ड आहे. बोलणं झालं की कार्ड पाठवायची आपल्या लोकांत रीत असते, आणि बाबांनी ते घरी आल्या आल्या भरलं, बूट काढायच्या आधी. तारीख, वेळ, जागा. संदेशाच्या दर्जाच्या रकान्यात त्यांनी पाच-नऊ लिहिलंय. तुला माहीत आहे, बाबा कुणाला खोटं पाच-नऊ देत नाहीत. मास्तरांनासुद्धा चाळीस वर्षांत दोनदाच दिलं. काल वाऱ्यात आणि खरखरीत मी असते तर चार-पाचच्या वर गेले नसते. मी तसं म्हटलं, तर त्यांनी कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथे त्यांनी दोनच शब्द लिहिलेत. मी त्याखाली काही जोडलेलं नाही.

"सगळं ऐकलं."

यापुढे लाल दिवा दिसला की लगेच ओरडून सांगणारी,

तुझी धाकटी बहीण,
टाचणी